चार भोकांचं गॅस्केट

आमच्या पडवीत खुंटीवर एक जुनं हेड गॅस्केट टांगलेलं आहे. गाडीच्या इंजिनाचा खालचा भाग आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणारा हा पातळ पत्रा, दर सिलिंडरला एक मोठं भोक. मला ते साडेअठरा हजारांना पडलं.

जुलैतली गोष्ट. आईच्या गुडघ्यांसाठी कोल्हापूरच्या डॉक्टरांची साडेअकराची वेळ मिळाली होती. सकाळी सातला भाट्ये सोडलं. हातखंबा, पाली, साखरपा, सगळं व्यवस्थित. आंबा घाट अर्धा चढलो आणि रांग लागली. वर कुठेतरी माती खाली आली होती, एकाच बाजूने गाड्या सोडत होते. धो धो पाऊस, काचा बंद, एसी चालू. अर्धा तास जागच्या जागी. एसीची हवा गरम यायला लागली ते कळलं, पण मी म्हटलं जुनी गाडी, २०१३ ची, चालायचंच. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि पाठोपाठ थर्मामीटरच्या चित्राचा लाल. आमच्या गाडीला टेंपरेचरचा काटा नाही, दिवा लागेल तेव्हाच समजायचं.

कडेला घेऊन इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. दहा मिनिटांत रेनकोटातला एक मोटरसायकलवाला हजर. ‘खाली ओळखीचं गॅरेज आहे, जरा थंड होऊ दे, मग माझ्या मागून या.’ गाडी वळवली आणि घाट उतरलो. उतरताना लाल दिवा विझला.

खरं तर तिथेच सगळं उत्तर होतं. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, म्हणजे संशय आधी रेडिएटरच्या फॅनवर घ्यायचा. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फॅनच देतो. पळतानाच तापत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) कमी, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप, असं बघत जायचं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मागच्या सीटवर आई घड्याळ बघत होती.

गॅरेजवाला गोड माणूस. आईला खुर्ची, चहा, ‘काकी’ म्हणून चौकशी. त्याने इंजिन ऑइलचं झाकण उघडलं, आतली पांढरट पिवळी साय बोटावर घेतली आणि माझ्याऐवजी आईच्या पुढ्यात धरली. ‘हे बघा काकी, पाणी ऑइलात गेलंय. हेड गॅस्केट उडालं. अशीच वर नेलात तर इंजिन जाम होणार.’ मग रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतून इंजिन चालू केलं. तोंडाशी बुडबुडे आले. ‘बघा, कॉम्प्रेशन बाहेर येतंय.’ आई माझ्याकडे बघायला लागली. चोवीस हजारांवरून साडेअठरावर तुटलं. आम्हाला जेवायला पाठवलं आणि तीन तासांत गाडी तयार! पिवळा दिवा गेलेला, लाल दिवा नाही. काढलेलं गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलं. किती प्रामाणिक माणूस, असं आई वाटेत दोनदा म्हणाली. बिल मागितलं तर ‘जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल’. पैसे यूपीआयने, कुणा बाईच्या खात्यावर. डॉक्टरांची वेळ गेलेलीच होती, घरी परतलो.

चौथ्या दिवशी रत्नागिरीच्या बाजारात, ट्रॅफिकमध्ये, पुन्हा पिवळा दिवा.

आमच्या वाडीतला एक पोरगा मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं बघतो, त्याला बोलावलं. मी मोठ्या ऐटीत वर्तमानपत्राची पुडी उघडून दाखवली. तो गॅस्केट उजेडाकडे धरून हसायलाच लागला. ‘दादा, तुमचं इंजिन तीन सिलिंडरचं. ह्याला भोकं चार कशी?’

मी मोजली. चारच होती.

मग त्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला. हेडवरच्या कव्हराच्या बोल्टांवर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा थर जसाच्या तसा. पाना लागला असता तर कडा चमकायला हव्या होत्या. हेड उघडायचं तर टायमिंगची चेन सोडवावी लागते, हेड मशीनवर फेसिंगला, म्हणजे सपाट घासायला, पाठवावं लागतं, दीड-दोन दिवस जातात. तीन तासांत ते होत नाही, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. गरजवंताला अक्कल नसते, दुसरं काय.

आणि ती साय? पावसाळ्यात आमची गाडी रोज बाजारापर्यंत दोन-अडीच किलोमीटर जाते. इंजिन पुरतं तापतच नाही, आतला दमटपणा झाकणाखाली धरतो आणि ऑइलात घुसळून त्याचं लोणी होतं. गॅस्केटचा संशय घ्यायचा तो डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल दुधाळ असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, कूलंट कुठे गळत नसताना सारखं कमी होत असेल, तर. आमची डिपस्टिक स्वच्छ होती. बुडबुड्यांचंही तसंच. नुकतं पाणी भरलं की अडकलेली हवा निघतेच. गॅस्केट गेलं असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, रेस दिली की वाढतात. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं निळं द्रावणही मिळतं, जळलेला वायू येत असेल तर ते पिवळं पडतं. हेड उघडायला लावण्याआधी एवढी चाचणी मागता येते.

पोराने खिशातून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारा काडेपेटीएवढा स्कॅनर काढून स्टिअरिंगखाली लावला. मोबाईलवर कोड आला पी-०४८०, कूलिंग फॅनचं सर्किट. गॅरेजवाल्यानेही स्कॅनर लावलाच असणार. कोड पुसला की दिवा विझतो. बिघाड तिथेच राहतो आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

मग फ्यूजबॉक्स. फॅनचा रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच, उपटला तर त्याचे पाय हिरवे पडलेले. गाडी समुद्रापासून दोनशे पावलांवर उभी असते, खाऱ्या हवेला कोण अडवणार! हॉर्नचा रिले त्याच मापाचा होता, तो तिथे बसवून एसी लावला आणि फॅन घरघरला. (हॉर्न मुका झाला, पण निदान झालं.) सॉकेट घासून नवा रिले, दोनशे साठ रुपये. त्या माणसाने ओतलेलं नळाचं पाणी काढून तयार कूलंट भरलं त्याचे वेगळे.

घाटात लाल दिवा लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्यातून निघते. जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कुणी कितीही घाई केली तरी उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उसळतं.

गॅस्केट घेऊन मी परत गेलो होतो. ‘आमच्याकडे ढीग पडलेला असतो, पोराने चुकून दुसरं दिलं असेल,’ म्हणाला. बोल्टांवरच्या थराचं विचारलं तेव्हा त्याला फोन आला, तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे त्या बाईच्या नावाचा स्क्रीनशॉट आहे.

आईला कोल्हापूरची वेळ महिन्याने पुन्हा मिळाली. गाडी आता ठणठणीत होती, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, सातची एसटी आहे, येतोस की मी जाऊ?