जेली रोल मॉर्टनची १९३८ची ध्वनिमुद्रणं: काही महिने ऐकल्यानंतर

राउंडर कंपनीने २००५ साली काढलेला हा आठ सीडींचा संच मी पावसाळ्यापासून ऐकतोय. एका बैठकीत संपवावा असा तो नाहीच. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकसंगीताचा संग्राहक अॅलन लोमॅक्स याने जाझ पियानोवादक मॉर्टनला पियानोवर बसवून बोलतं केलं, त्याचं हे ध्वनिमुद्रण. तो तासन्‌तास आठवणी सांगतो आणि सांगता सांगताही बोटं सुरांवर चालूच असतात.

तेव्हा त्याचे भरभराटीचे दिवस सरले होते. जन्म १८९०च्या सुमाराचा, न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल म्हणजे फ्रेंच वळणाच्या मिश्रवंशीय घरातला. मिसरूड फुटायच्या वयात स्टोरीव्हिल या तिथल्या वेश्यावस्तीतल्या कोठ्यांवर पियानो वाजवून कमाई, मग गावोगावची भटकंती. १९२३-२४मध्ये जेनेट या रेकॉर्ड कंपनीसाठी एकट्याने वाजवलेल्या रचना, १९२६पासून व्हिक्टर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘रेड हॉट पेपर्स’ हा बँड. पुढे व्हिक्टरशी करार संपला. १९३५मध्ये त्याच्याच ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ने क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडला टाळ्या मिळवून दिल्या आणि १९३८मध्ये हा माणूस वॉशिंग्टनच्या एका लहानशा क्लबात वाजवत होता. हे माहीत असलं की त्याच्या आवाजातला ताठा वेगळा ऐकू येतो.

मी पुन्हा पुन्हा लावतो तो भाग ‘मेपल लीफ रॅग’चा. रॅगटाइम या जाझपूर्व पियानोसंगीताचा रचनाकार स्कॉट जॉप्लिन याची ही १८९९ची रचना मॉर्टन आधी मिझुरीकडचे वादक वाजवत तशी वाजवतो आणि मग स्वतःच्या ढंगाने. सूर ओळखीचेच, पण लय सैलावते, डावा हात नुसता ठेका धरून न बसता ट्रॉम्बोनसारखा मध्येच बोलतो. पियानोवाल्याने अख्ख्या बँडची नक्कल करावी, हे त्याचं म्हणणं इथे कानांनी पटतं. रॅगटाइमपासून जाझ कुठे वेगळा झाला, हे मला इतकं स्वच्छ कुठेच कळलं नव्हतं. ‘ला पालोमा’ या जुन्या स्पॅनिश गाण्याचंही तसंच: डावा हात जागेवर ठेवून उजव्या हाताचे आघात सरकवले की त्याच चालीचा रंग पालटतो.

जाझ आपण १९०२ साली जन्माला घातला, हा त्याचा दावा मी मानत नाही. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता आणि कॉर्नेटवादक बडी बोल्डन न्यू ऑर्लिन्स गाजवत होता. पण हाच माणूस इथे बोल्डनचं गाणं प्रेमाने म्हणतो, पियानोवादक टोनी जॅक्सनला मोकळेपणाने मोठा म्हणतो. त्याला निव्वळ बढाईखोर ठरवणाऱ्यांनी ते भाग जरूर ऐकावेत.

आता अडचणी. मूळ तबकड्यांची खरखर आहे, तबकडी संपली की गोष्ट मध्येच तुटते. मोबाइलच्या स्पीकरवर डावा हात हरवतो, हेडफोन लागतातच. काही गाणी अत्यंत अश्लील आहेत, घरात मोठ्याने लावू नका. बोलीही सुरुवातीला कठीण जाते.

मॉर्टन पहिल्यांदाच ऐकणार असाल तर १९२६चं ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ आधी ऐका, सगळा बँड थांबून एकच वाद्य पुढे येतं त्या जागा नीट टिपा आणि मगच हा संच घ्या. पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्यांनी मात्र थेट ‘मेपल लीफ’पासूनच सुरुवात करावी.