दोन एकर उसाला टोळी की हार्वेस्टर?

तोडणी मजुरांची टोळी की ऊस तोडणारे यंत्र, म्हणजे हार्वेस्टर, हा प्रश्न छोट्या ऊस उत्पादकाला तोडणीच्या तोंडावर पडतो. खरे तर त्याचे उत्तर लागणीच्या दिवशीच ठरून गेलेले असते. सरी तीन फुटी असेल, तर रानात हार्वेस्टर घालू नये, कारण त्याची चाके बुडख्यांवरून जातात आणि खोडव्यात, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकात, तूट पडते. साडेचार ते पाच फुटी सरी, कडेला यंत्र वळण्याइतकी जागा आणि शिवारापर्यंत वाहनाचा रस्ता, एवढे असेल तरच पुढची तुलना करावी.

एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडते, म्हणून दहा कोयत्यांच्या टोळीला 40 टनांच्या एकराला दोन-तीन दिवस लागतात. यंत्र तेच काम काही तासांत उरकते. मात्र ओलसर काळ्या रानात, लोळलेल्या उसात आणि बांधाच्या कोपऱ्यात कोयताच चालतो, शिवाय जनावरांसाठी वाढे, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, शाबूत राहते. यंत्रामागे वाढ्याचे तुकडे पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांत, मिसळून जातात. दावणीला दोन म्हशी असणाऱ्याने हे नुकसान आधीच धरावे.

पैशाचा हिशेब बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. तोडणी मजुरीचा आणि यंत्राचा दर ताडून पाहण्यात फारसे हशील नाही, कारण कारखाना तोडणी-वाहतुकीचा सरासरी खर्च काढून तो सहसा सर्वांच्या बिलातून सारखाच वजा करतो. तुमच्या पदरातून वेगळे जाते ते दुसरेच: टोळीला द्यावी लागणारी खुशाली, म्हणजे मजुरीवरचे जादा पैसे, आणि यंत्राने तोडलेल्या उसात पाचट येते म्हणून वजनात होणारी वजावट. ती पाच टक्के धरली, तर 40 टनांमागे 2 टन जातात. 2025-26 च्या हंगामाच्या टनाला 3,550 रुपये एफआरपीने, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराने, तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी, हे 7,100 रुपये होतात. वजावटीचा टक्का कारखान्याकडून आधीच विचारून घ्यावा आणि खुशालीशी ताडून पाहावा. खुशाली मागणे मला अन्यायाचे वाटते, पण उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, ओझ्याखाली घरदार सोडून आलेल्या मजुरावर त्याचा सगळा दोष टाकणेही न्यायाचे नाही.

खोडवा ठेवायचा असेल, तर माझा कल यंत्राकडे आहे. पाचटाचे तुकडे रानभर सारखे पसरतात, त्यामुळे ते पेटवण्याचा मोह होत नाही आणि ओल टिकते. टोळी मात्र लक्ष न दिल्यास चार बोटे बुडखा वर ठेवते, आणि साखर सर्वाधिक असते ती याच बुडाच्या कांड्यांत.

एकट्या एकरासाठी यंत्र सहसा येत नाही, म्हणून लागणीपूर्वीच शेजारच्या चार-पाच जणांनी एकच जात, एकच सरी आणि एकच आठवडा ठरवावा. तोडलेल्या कांड्यांची साखर लवकर घटते, तेव्हा गाळप 24 तासांत होईल याची खात्री करूनच यंत्र बोलवावे. पहिल्या दोन सऱ्यांनंतर ते थांबवून बुडखे पाहावेत; फाटलेले किंवा उपटलेले दिसले, तर पाती बदलल्याशिवाय तिसऱ्या सरीत यंत्र जाऊ देऊ नये.