इग्वाझू: पोरांना ब्राझीलकडून दाखवायचा की अर्जेंटिनाकडून?

ब्राझील-अर्जेंटिनाच्या सीमेवरचा इग्वाझू म्हणजे एकच धबधबा नाही, जवळपास २७५ आहेत, पावणेतीन किलोमीटरच्या रांगेत, त्यामुळे पोरांना आधी कुठून दाखवायचं हा प्रश्न पडतोच. ब्राझीलकडून अख्खा नजारा समोर दिसतो, ट्रेल जेमतेम सव्वा किलोमीटर, बस आतपर्यंत सोडते, अर्ध्या दिवसात आरामात होतं.

पण अर्जेंटिनाकडची मजा वेगळीच! बहुतेक धबधबे त्याच बाजूला, जंगलातून छोटी ट्रेन जाते, मग नदीवरच्या लांबलचक पुलावरून चालत थेट डेव्हिल्स थ्रोट या सगळ्यात मोठ्या धबधब्याच्या काठाशी, पाणी ८० मीटर खाली कोसळतंय आणि त्याच पाण्याच्या पडद्यातून पाकोळ्या सुर्रकन आत घुसतात, कारण त्यांची घरटी मागच्या खडकावर असतात. हे पोरांना दाखवाच. चालणं मात्र भरपूर, पूर्ण दिवस धरा.

कोआटी (लांब नाकाचे, रॅकूनच्या कुळातले प्राणी) दोन्हीकडे, दिसायला गोड पण हातातला खाऊ पळवतात, चावतात पण, लक्ष ठेवा.

माझं मत विचाराल तर आधी ब्राझील, दुसऱ्या दिवशी अर्जेंटिना, म्हणजे लांबून बघितलेला धबधबा जवळ गेल्यावर पोरं स्वतःच ओळखतात. एकच दिवस असेल आणि पोरगं अगदीच लहान, तर ब्राझील.