डेवकॉन बँकॉक २०२४: लाखभर घालवून टेलिग्रामवरच्या माणसांना भेटले, साडेतीन स्टार

आधीच सांगते, मी पदरचे पैसे घालून गेले होते, कुठल्या कंपनीने पाठवलं नव्हतं, त्यामुळे एकेक रुपयाचा हिशोब डोक्यात आहे. विमान, आठवडाभर हॉस्टेल, बिल्डर डिस्काउंट (कोड लिहिणाऱ्यांना मिळणारी सूट) मिळूनही तिकीट, सगळं धरून लाखभर गेले. व्हिसाचा खर्च तेवढा वाचला, भारतीयांना तेव्हा थायलंड ६० दिवस व्हिसा फ्री होतं.

डेवकॉन म्हणजे इथेरियम फाउंडेशनची कॉन्फरन्स (इथेरियम हे बिटकॉइनसारखंच दुसरं क्रिप्टो नेटवर्क), त्याआधीची २०२२ ला बोगोटात झालेली, ही १२ ते १५ नोव्हेंबर क्वीन सिरिकिट कन्व्हेन्शन सेंटरला. जागा एक नंबर. मेट्रोतून उतरलं की सरळ आत, बाजूला बेंजाकिती पार्क, आणि बाहेर घामाच्या धारा तर आत एसीत स्वेटर.

टॉक्स ऐकायला जात असाल तर जाऊच नका. इथेरियम सुरू करणाऱ्या विटालिक बुटेरिनच्या भाषणासकट सगळं यूट्यूबवर फुकट दिसत होतं, मी दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये बसणं सोडून दिलं. त्यात त्याच आठवड्यात बिटकॉइन पहिल्यांदा ९० हजार डॉलरच्या वर गेला, म्हणजे इथेरियमवाल्यांच्या घरचं कार्य आणि अर्धं वऱ्हाड बिटकॉइनचा चार्ट बघतंय 😂

आता नेटवर्किंग. मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट ऑडिट करते, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या चुका शोधते, पहिली तीन कामं पुण्यातल्या खोलीत बसून डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मिळाली, त्यामुळे ऑनलाइनला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण तिथे समोरचा कोण आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. एकदा एका रिक्रूटरने गोड बोलून टेस्ट म्हणून रेपो (कोडचं फोल्डर) पाठवला, रन करून बघ म्हणाला, नशीब मी आधी फाइल उघडून वाचली, आत क्रिप्टो वॉलेटच्या कीज (पासवर्डच म्हणा) उचलणारी स्क्रिप्ट होती. २०२२ ला रोनिन ब्रिजमधून (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर क्रिप्टो नेणारा पूल) ६० कोटी डॉलरच्या वर चोरीला गेले ते पण खोट्या जॉब ऑफरच्या पीडीएफपासून सुरू झालं अशा बातम्या होत्या. तेव्हापासून स्वतःहून डीएम करणारा "अ‍ॅडमिन" दिसला की मी थेट ब्लॉक मारते.

बँकॉकला उलटं झालं. एका प्रोटोकॉलचा, म्हणजे क्रिप्टो प्रोजेक्टचा माणूस, डीपीला पेंग्विन, आठ महिने मला "बघतो, सांगतो" करत होता. कॉफीच्या रांगेत बॅजवरच्या हँडलवरून ओळखला. वीस मिनिटांत लॅपटॉप उघडून कोड दाखवला, मी राउंडिंगची एक चूक काढून दिली, जानेवारीत काम आलं. अख्ख्या ट्रिपचे पैसे तिथेच वसूल. दुसरा एकजण, दोन वर्षं आम्ही टेलिग्रामवर इंग्रजी फाडत होतो, आणि तिथे फोनवर "आई, जेवलो गं, ठेव आता" म्हणताना पकडला, कोल्हापूरचा निघाला!

पण समोर भेटला म्हणजे हरिश्चंद्र असंही समजू नका हां. २०२२ च्या एप्रिलमध्ये एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा मालक सॅम बँकमन-फ्रीड बहामाजला बिल क्लिंटन आणि टोनी ब्लेअरना शेजारी घेऊन स्टेजवर बसला होता, नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स बुडाली. हात मिळवून कोड कळत नाही, कोड वाचावाच लागतो.

दीड स्टार कापला तो साइड इव्हेंट्सचा, म्हणजे कॉन्फरन्सबाहेरच्या पार्ट्या-मेळाव्यांचा. लुमा या इव्हेंट नोंदणीच्या साइटवर ढीगभर, अर्ध्यांत शेवटपर्यंत "पेंडिंग", आणि आत घुसलंच तर रूफटॉपवर कानठळ्या बसवणारा डीजे, "तू काय बिल्ड करतेस" विचारून उत्तर संपायच्या आत पुढच्याचा बॅज वाचणारी बीडी (बिझनेस डेव्हलपमेंट) मंडळी. टेलिग्रामचे क्यूआर स्कॅन करून करून शंभरेक कॉन्टॅक्ट जमले, त्यातले निम्मे कोण होते आता आठवत नाही. स्कॅन केल्या केल्या नावापुढे दोन शब्द लिहून ठेवा, मी लिहिले नाहीत.

१५ तारखेला सगळं टाकून नदीवर गेले. आपल्याकडे त्रिपुरारी पौर्णिमा, तिकडे त्याच रात्री लोय क्राथोंग, केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं आणि मेणबत्ती ठेवून पाण्यात सोडतात. कोल्हापूरकर सोबत होता, क्रिप्टोचा विषय कुणीच काढला नाही.

पुढचा डेवकॉन २०२६ ला मुंबईत आहे. विमानाचे वाचले, राहायला ठाण्याला मावशी आहे, तिला आत्ताच सांगून ठेवलंय.