दोन झाडांवरचे घर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

कुडाळ तालुक्यातील आमच्या घराच्या मागीलदारी एक फणस आणि एक रायवळ आंबा अशी दोन जुनी झाडे साधारण तेरा फुटांच्या अंतरावर उभी आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्या दोघांच्या आधाराने, जमिनीपासून नऊ फुटांवर, दहा बाय आठ फुटांची खोली बांधून घेतली. आता कोकणातला एक पूर्ण पावसाळा तिने काढला आहे. असे घर बांधण्याचा विचार करणारे लोक सहसा छप्पर कसले घालावे, लाकूड कोणते वापरावे आणि खर्च किती येईल, एवढेच विचारतात. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न दुय्यम आहेत. घर झाडाला जिथे टेकते त्या चार जागा कशा केल्या आहेत, यावरच ते किती वर्षे टिकेल आणि झाड किती वर्षे जगेल हे ठरते, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या चार जागांविषयीच आहे.

शेताच्या राखणीसाठी बांधतात तो माळा वेगळा. तो दोरांनी बांधतात आणि पीक घरात आले की सोडतात, त्यामुळे झाडाला त्याचा त्रास होत नाही. कायमच्या घरासाठी तीच रीत वापरली तर मात्र झाडाचा गळा आवळला जातो. झाड उंचीला वाढते ते शेंड्यांवर. बुंध्यावर नऊ फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही नऊ फुटांवरच सापडतो. बुंधा वाढतो तो जाडीला, आणि ती वाढ सालीखालच्या पातळ जिवंत थरातून होते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते तेही सालीतूनच. दोर, साखळी किंवा लोखंडी पट्टा बुंध्याभोवती घट्ट बसवला की दोन-चार वर्षांत तो सालीत रुततो आणि ही वाहतूक तोडतो. त्या मानाने खोडात नीट पाडलेले एक भोक झाड सहज सोसते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

त्याचे कारण असे की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती आतून भिंत घालून ती वेगळी पाडते. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अॅलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात ही प्रक्रिया तपशीलवार मांडली. भिंत घातलेला भाग लहान असला तर झाडाचे बिघडत नाही, पण जवळजवळ अनेक भोके पाडली की त्यांभोवतीचे कुजलेले भाग एकमेकांना मिळतात. म्हणून वीस बारीक खिळ्यांऐवजी एकच जाड बोल्ट, हे या कामातले मूळ सूत्र आहे. ओरेगन राज्यातील ताकिल्मा येथे झाडांवरची घरे भाड्याने देणारे मायकेल गार्नियर यांनी १९९०च्या दशकात चार्ल्स ग्रीनवूड या अभियंत्याच्या साहाय्याने असा खास बोल्ट तयार केला, आणि आज जगभर वापरले जाणारे बोल्ट त्याच कल्पनेवर चालतात. बोल्टचा आटे असलेला भाग खोडाच्या गाभ्यात जातो, मधली जाड कॉलर सालीच्या आत, लाकडाच्या तोंडाशी रुतून बसते आणि भार मुख्यतः ती पेलते. बाहेर राहिलेल्या दांड्यावर तुळई टेकते.

परदेशातून हे बोल्ट मागवणे आम्हाला परवडणारे नव्हते. आम्ही ते जिल्ह्यातल्याच एका लेथवर ईएन-२४ जातीच्या पोलादातून करून घेतले आणि त्यांवर जस्ताचा मुलामा चढवला. दांडा दीड इंच आणि कॉलर तीन इंच व्यासाची आहे. फणसाला दोन्ही बाजूंनी एकेक आणि आंब्याला दोन्ही बाजूंनी एकेक, असे चार बोल्ट आहेत. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला दोनशे किलो वापरातला भार धरावा असा आपल्याकडचा बांधकामाचा दंडक आहे. त्या हिशेबाने आमच्या खोलीचे सुमारे दीड हजार किलो होतात, त्यात लाकूड आणि पत्र्याचे साधारण पाचशे किलो मिळवले की प्रत्येक बोल्टच्या वाट्याला पाचशे किलो येतात. या बोल्टांना ते जड नाही. जड गेले ते फणसाला भोक पाडणे. ड्रिलचे बिट आत जाताच पांढरा चीक सुटला आणि भुशात मिसळून बिटाभोवती असा चिकटला की ड्रिल अडू लागले. शेवटी फणस कापताना हाताला लावतो तेच खोबरेल तेल दर दोन इंचांनी बिटाला लावत काम पुरे केले. बाहेर येणारा भुसा आधी फिकट होता आणि मग एकदम हळदी पिवळा झाला, तेव्हा बिट गाभ्यापर्यंत पोचल्याची खात्री पटली.

आता हलण्याविषयी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि पानांनी भरलेले झाड हा जोर पुरेपूर अंगावर घेते. दोन झाडे एकाच झोताने एकाच वेळी, एकाच दिशेने हलत नाहीत. आमचा आंबा डेरेदार असल्यामुळे सावकाश आणि लांब झुलतो, तर फणस जेमतेम थरथरतो. दोन्ही टोके पक्की आवळून टाकली असती तर पहिल्या वादळात तुळई फाटली असती किंवा बोल्ट वाकला असता. आमच्या सुतारकाकांनी नकाशा पाहताच हेच सांगितले होते : "झाड हलतला तर घर पण हलतला, नायतर मोडतला." म्हणून फणसाकडची दोन टोके पक्की आहेत आणि आंब्याकडची दोन सरकती. सरकत्या टोकाला तुळईच्या तळाशी लोखंडी पट्ट्यांची एक लांबट चौकट आहे, बोल्टचा दांडा तिच्यातून जातो आणि तुळई त्यावर नायलॉनच्या पट्टीने टेकते. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळीक ठेवली आहे. चौकट खालून बंद आहे, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण वारा खालून शिरला तर घराला वर उचलू पाहतो आणि उघड्या खोबणीतून तुळई उडून बाहेर पडू शकते.

जुलैतल्या वादळी वाऱ्यात हे सगळे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. नायलॉनच्या पट्टीवर बोल्टने घासून एक तकतकीत पट्टा पाडला आहे आणि त्याची लांबी पाऊण इंचाच्या आसपास भरते. म्हणजे तीन इंचांची मोकळीक नऊ फुटांवरच्या घराला गरजेपेक्षा खूपच जास्त होती. हेच घर वीस फुटांवर असते तर ती उपयोगी पडली असती, कारण बुंधा वर जावा तसा जास्त झुलतो. ज्यांना पहिल्यांदाच असे घर बांधायचे आहे त्यांनी आठ-नऊ फुटांच्या वर जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. उंचीची मौज फार तर आठवडाभर टिकते, आणि सामान वर नेण्याचा त्रास मात्र कायम राहतो.

तिरप्या टेकूंचा प्रश्न याहून किचकट आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दोन्ही तुळया बुंध्याला लागून जात असल्यामुळे खोलीच्या कडा दोन्ही अंगांना बाहेर येतात, आणि सगळी माणसे एकाच बाजूला बसली तर घर कलू नये म्हणून कडेपासून बुंध्याकडे खाली टेकू द्यावे लागतात. पण आंब्याकडचा टेकू पक्का केला की सरकत्या टोकाचा काही उपयोग उरत नाही. वरून सोडलेले झाड खालून पुन्हा बांधल्यासारखे होते. यावर गावातल्या गॅरेजवाल्याने सुचवलेला उपाय मला संपूर्ण बांधकामातला सर्वांत हुशारीचा भाग वाटतो. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायला जी टॉप लिंक असते तिच्या दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी फिरणारे गोळे असतात आणि मधल्या आट्यांनी तिची लांबी कमी-जास्त करता येते. आंब्याकडच्या टेकूंना आम्ही तीच टोके बसवली. त्यामुळे टेकू भार घेतो, पण झाडाला अडवत नाही, आणि पावसाळ्यानंतर लाकूड सुकून एक कोपरा किंचित खाली बसला तेव्हा आटे फिरवून तो पातळीत आणता आला.

जिन्याचेही तेच तत्त्व आहे. तो वर बिजागरीवर टांगलेला आहे आणि खाली जांभ्याच्या चिऱ्यावर नुसता टेकलेला आहे. जिन्याच्या पायाला लोखंडी पट्टी आहे आणि जांभा मऊ, त्यामुळे चिऱ्यावर तिने एक लहानशी चर कोरली आहे. फणसही हलतो, याचा हा पुरावा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवला जातो. वीज वर नेताना कडक पाइप न वापरता वायरीला मोठा सैल वळसा दिला आहे.

आत बसल्यावर कसे वाटते, हे बहुतेकांना जाणून घ्यायचे असते. एरवी काहीच जाणवत नाही. वाऱ्याचा जोराचा झोत आला की खोलीची जमीन हळू एका बाजूला जाते आणि झोत ओसरल्यावरही दोन-तीन झुलावे चालू राहतात. टांगलेला दिवा हे आधी दाखवतो आणि पाय नंतर ओळखतात. मुलांना हे फार आवडते. आईने मात्र पहिल्या पावसानंतर वर पाऊल ठेवलेले नाही, आणि तिला आग्रह करण्यात अर्थ नाही. वारा फारच सुटला तर आम्हीही खाली उतरतो. घर पडेल म्हणून नव्हे. आंब्याची सुकी फांदी पत्र्यावर येऊ शकते म्हणून. पावसाळ्यापूर्वी सुकी लाकडे उतरवून घेणे हा या घराच्या देखभालीचा पहिला नियम आहे.

दोन्ही बुंधे खोलीच्या बाहेर ठेवण्याचा निर्णय सर्वांत फायद्याचा ठरला. चित्रांमध्ये खोलीच्या मधून वर गेलेले खोड फार देखणे दिसते, पण सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातले कितीतरी पाणी फांद्यांवरून बुंध्याला लागून धो-धो खाली येते. ते छपरातून आत येऊ नये म्हणून खोडाभोवती रबर बांधले तर हलण्याने ते सुटते, आणि घट्ट बांधले तर पुन्हा गळा आवळणे आले. आमच्याकडे पाणी बुंध्यावरून सरळ जमिनीत जाते. तुळई आणि बुंधा यांत तीन इंचांची फट जाडीच्या वाढीसाठी ठेवली होती, तिचा आणखी एक उपयोग झाला : वाळवीला तुळईवर यायचे तर बोल्टवरून मातीचा पूल बांधावा लागतो, तो चटकन नजरेस पडतो आणि बोटाने मोडता येतो. लाल मुंगळ्यांवर मात्र काहीही चालत नाही. त्यांनी खिडकीजवळच्या आंब्याच्या पानांचे घरटे शिवले आहे आणि ती खिडकी सध्या त्यांचीच आहे.

तक्रारीही आहेत. सरकत्या चौकटी ज्या कारखान्यात जोडून घेतल्या तिथे त्या खालून पूर्ण बंद केल्या, पण पाणी निघायला भोक ठेवले नाही. ऑगस्टपर्यंत आत पाणी साचून जोडाच्या रेषेवर गंज आला. तळाला भोके पाडून, गंज खरवडून पुन्हा रंग द्यावा लागला, आणि हे काम शिडीवर उभे राहून भर पावसात करणे सुखाचे नव्हते. नायलॉनची पट्टी कोरडी असताना कुरकुरते. रात्री झोपायला आलेल्या माणसाला तो आवाज फार मोठा वाटतो. वंगण लावून पाहिले, पण त्याला धूळ आणि भुसा चिकटून पट्टी उलट लवकर झिजते, म्हणून ते पुसून टाकले. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होतो की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. कौले घातली असती तर आवाज कमी झाला असता, पण वजन कितीतरी वाढले असते आणि वानरांनी ती पहिल्याच महिन्यात फोडली असती.

झाडांची प्रकृती मी वरचेवर पाहत असतो. फणसाच्या कॉलरभोवती सालीची कड गोल फुगून पुढे येऊ लागली आहे, म्हणजे झाडाने बोल्ट गिळायला सुरुवात केली आहे, आणि बोल्टची पकड त्याने पुढे वाढतच जाते. आंब्याकडे ही वाढ कमी दिसते. आंब्याच्या खोडाला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागण्याची भीती असते, म्हणून बोल्टच्या आसपास बारीक भोके किंवा भुसा दिसतो का, हे दर महिन्याला पाहणे आवश्यक आहे. अजून तरी काही दिसलेले नाही. फणसाची एक अडचण आम्हाला आधी कोणी सांगितली नव्हती. फणस थेट बुंध्यावर धरतो, आणि यंदा एक कुयरी, म्हणजे कोवळा फणस, नेमकी तुळई आणि खोड यांच्या फटीत आली आहे. ती भाजीला काढावी लागणार, कारण पुरता वाढलेला फणस तिथे मावणार नाही.

एकूण खर्चातला जवळजवळ पाचवा हिस्सा बोल्ट, चौकटी आणि टेकूंची टोके यांत गेला, आणि कात्री लावायचीच असेल तर ती खिडक्यांना लावावी, याला लावू नये. तुळयांना आम्ही जुन्या घरातले दहा इंच उंचीचे ऐनाचे लाकूड वापरले, ते उत्तम आहे. लेथवाल्याकडे काम देताना बोल्टांबरोबर नायलॉनच्या पट्ट्यांचा एक जादा जोड करून घ्यावा आणि चौकटीच्या तळाला अर्ध्या इंचाची दोन भोके नकाशातच दाखवावीत. आमच्या पट्ट्या या उन्हाळ्यात बदलायच्या आहेत, आणि त्यासाठी तुळई जॅकने थोडी उचलावी लागेल, म्हणून जॅक टेकायला बोल्टखाली जागा मोकळी ठेवलेली बरी.