लाल रंग दाखवला, चेरीचे पैसे घेतले

पुण्यातल्या एका दुकानदाराने माझ्या धाकट्या भावाकडून कीबोर्डच्या बटणांखालच्या ८७ ओरिजिनल चेरी स्विचचे पैसे घेतले आणि त्यातले फक्त ९ ओरिजिनल दिले. उरलेले ७८ रंगाने तसेच, आकाराने तसेच, पण कुठल्याही कंपनीचं नाव नसलेले. पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेणारी पोरं आणि त्यांना पैसे देणारी घरची माणसं या दोघांसाठी हे लिहितेय. ही फसवणूक इतकी बेतून केलेली होती की नवख्या माणसाला ती दुकानात उभ्या उभ्या कळणं फार अवघड आहे.

भाऊ मिरजेला असतो, डिप्लोमा करतो. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट हे नेमबाजीचे गेम खेळतो, बरं खेळतो. गणपतीत मंडपाच्या लायटिंगची कामं करून त्याने पैसे साठवले होते. घरचा जुना कीबोर्ड रबराच्या पडद्याचा. त्यावर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं लागतच नसे. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात स्प्रिंग असते, अधिक चिन्हासारखं टोक असलेली दांडी असते आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. दांडी खाली गेली की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि बटण लागतं. खर्च आणि खेळ दोन्ही या स्विचवर ठरतं.

स्विच ओळखायचे रंगावरून, हे त्याने व्हिडिओंमधून शिकून घेतलं होतं. लाल म्हणजे लिनिअर, सरळ खाली जाणारा. तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, मध्ये हलकासा अडथळा जाणवणारा. निळा म्हणजे क्लिकी, टकटक आवाज करणारा. यात चुकीचं काही नाही. हे रंग चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचवरून रूढ झाले. पण चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर चीनमधल्या अनेक कंपन्यांनी त्याच आकाराचे, त्याच रंगांचे स्विच बाजारात आणले. त्यांतल्या गेटरॉन, केल यांच्यासारख्या कंपन्यांचा माल उत्तम असतो आणि तो त्या आपल्या नावाने विकतात. रंगावरून स्विचचा प्रकार कळतो. तो कुणी बनवला आणि किती टिकेल, हे रंग सांगत नाही. आमची फसवणूक नेमकी या फटीतून झाली.

दुकानात मी सोबत होते. दुकानदाराने आधी निळा स्विच पुढे केला. ‘गेमिंगला सगळ्यात फास्ट हाच, भाऊ, क्लिक आला की बटण लागलं समज.’ हे खोटं आहे. चेरीच्या निळ्या स्विचला साधारण २.२ मिलिमीटर दाबल्यावर बटण लागतं, लालला २ मिलिमीटरवर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निळ्यात एकदा लागलेलं बटण पुन्हा लागण्यासाठी दांडी, ज्या जागी बटण लागलं त्यापेक्षा बरीच वर यावी लागते. त्यामुळे एकच बटण भराभर दाबायचं असेल तर निळा मागे पडतो. शिवाय रात्री दोन खोल्यांच्या घरात तो आवाज कुणाला झोपू देणार? मायक्रोफोनमधून टीममधल्यांनाही तोच ऐकू जातो. टायपिंगला काहींना निळा फार आवडतो, आवडो बापडा. पण ‘फास्ट’ म्हणून तो गळ्यात मारणं म्हणजे पडून राहिलेला माल खपवणं.

भाऊ लालवर ठाम राहिला. मग दुकानदाराने दुसरा प्रस्ताव ठेवला. हॉट-स्वॅप बोर्ड घ्या, म्हणजे स्विच सोल्डर न करता नुसते खोचायचे आणि हवे तेव्हा काढायचे. त्यात आम्ही ‘ओरिजिनल चेरी एमएक्स रेड’ बसवून देतो, वर हाताने लुब करून देतो. लुब म्हणजे स्विच उघडून आतल्या घासणाऱ्या जागांना ग्रीस लावायचं, म्हणजे तो खरखरत नाही. ‘पुढे वाटलं तर यातच मॅग्नेटिक स्विच टाका,’ असंही तो म्हणाला. हेही धादांत खोटं होतं. मॅग्नेटिक स्विचमध्ये पट्ट्या नसतात, चुंबक असतो, आणि तो किती खाली गेला हे ओळखणारे सेन्सर बोर्डवरच असावे लागतात. साध्या हॉट-स्वॅप बोर्डावर ते चालत नाहीत.

हिशेब असा झाला: बोर्ड आणि कीकॅप (बटणांवरच्या टोप्या) ३,२०० रुपये, ८७ स्विच प्रत्येकी ५५ रुपयांनी ४,७८५, लुबचे प्रत्येकी १५ रुपयांनी १,३०५. एकूण ९,२९०. पक्कं बिल मागितलं तर ‘बिलावर जीएसटी वेगळा लागेल, मॅडम’ असं उत्तर मिळालं आणि एक चिठ्ठी हातात पडली. चिठ्ठीवर ‘कीबोर्ड १ नग’ एवढंच. मी आग्रह धरला, तेव्हा त्याने कुरकुरत व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं: ‘चेरी एमएक्स रेड ओरिजिनल ८७ नग, लुब केलेले.’ पुढे सगळा आधार याच एका ओळीचा झाला.

‘तासाभरात या,’ तो म्हणाला. तासाभराने कीबोर्ड तयार होता. भावाने खात्री करायची म्हणून डब्ल्यूची कीकॅप काढायला सांगितली. दुकानदाराने पुलर, म्हणजे कीकॅप ओढून काढायचा तारेचा चिमटा, घालून ती अलगद उचलली. खाली लाल दांडी आणि स्विचच्या वरच्या भागावर उठावदार अक्षरांत चेरीचं नाव. स्वतःहून त्याने ए काढून दाखवली, स्पेसबार काढून दाखवला. सगळीकडे चेरी. पैसे यूपीआयने दिले आणि आम्ही निघालो.

घरी काही दिवस बरे गेले. मग कॉलेजचा रिपोर्ट टाइप करताना एन दोनदा उमटायला लागला, पाठोपाठ एल. खेळात खाली बसायचं कंट्रोल धरून ठेवलं तरी मध्येच सुटायचं आणि त्याचा खेळाडू ऐन मोक्याला उभा राहायचा. याला चॅटर म्हणतात. आतल्या पट्ट्यांचा संपर्क धड नसला की एका दाबाचे दोन दाब नोंदवले जातात किंवा धरलेलं बटण क्षणभर सुटतं. चेरीच्या एमएक्समध्ये संपर्काच्या टोकांना सोन्याचा मिश्रधातू असतो, तो गंजत नाही म्हणून. नव्याकोऱ्या चेरीवर इतक्या लवकर, तेही एकदम तीन ठिकाणी चॅटर यावं हे भावाला पटेना.

त्याने एनची कीकॅप काढली. लाल दांडी होती. नाव नव्हतं. जिथे अक्षरं असायला हवीत तिथे सपाट प्लॅस्टिक. मग एकेक करत सगळ्या कीकॅप काढून मोजल्या. चेरीचे स्विच होते ते डब्ल्यू, ए, एस, डी, भोवतीचे क्यू, ई, आर, आणि एस्केप व स्पेसबार इथे. म्हणजे गेम खेळणारा पोरगा दुकानात जी बटणं दाबून बघेल, जिथली कीकॅप काढायला सांगेल, बरोब्बर तिथे. बाकी ७८ ठिकाणी बिननावाचे. शेजारशेजारचे आर आणि टी आळीपाळीने दाबून त्याने मला फोनवर ऐकवले, तेव्हा टीच्या स्प्रिंगची किणकिण मला इकडे पुण्यात ऐकू आली.

लुबचंही तेच. त्याने एक बिननावी स्विच उघडला. लुब केलेल्या स्विचच्या दांडीच्या कडांवर ग्रीसचा पातळ पांढुरका थर दिसतो, कागदावर घासला तर डाग पडतो. इथे सगळं कोरडं ठणठणीत. आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण ते कुणालाही पडताळता येतं: एक स्विच उघडायचा, ब्रशने ग्रीस लावायचं, स्प्रिंग बसवून पुन्हा बंद करायचा, याला सवयीच्या हातालाही दोनेक मिनिटं लागतात. ८७ स्विच म्हणजे जवळपास तीन तास. तासाभरात, तेही गिऱ्हाइकं सांभाळत, हे काम एका माणसाकडून होत नाही.

परत गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘हॉट-स्वॅप आहे. घरी तुम्हीच काढून दुसरे घातले असतील.’ मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला. सोल्डर केलेल्या कीबोर्डच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. हॉट-स्वॅप चांगलीच सोय आहे, पण अशा विक्रेत्याच्या हाती ती आयती पळवाट होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला चारचौघांत तो चोर ठरवत होता, आणि भाऊ मान खाली घालून उभा होता. भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून दुकानदार म्हणाला, ‘विकलेला माल परत नाही.’

अशी पाटी लावून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणं त्यात येतं, बिल न देणं येतं, आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही येतं. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि स्पीड पोस्टाने दुकानाला नोटीस पाठवली. सोबत व्हॉट्सॲपचा मेसेज, यूपीआयची पावती आणि कीकॅप काढलेल्या पूर्ण कीबोर्डचा फोटो. नोटीस वकिलाकडूनच जायला हवी असं नाही, आम्ही साध्या मराठीत लिहिली. पैसे परत दिले नाहीत तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, हे त्यात स्पष्ट लिहिलं. नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला कोण खेटे घालणार, या हिशेबावर असे विक्रेते निर्धास्त असतात. तो हिशेब इथे चुकतो.

नोटीस पोचल्यावर फोन आला. आधी ‘दुसरा कीबोर्ड घेऊन जा’ म्हणाला, आम्ही नको म्हटलं. मग स्विचचे ४,७८५ रुपये यूपीआयवर आले. बदल्यात त्याने ते ७८ स्विच परत मागितलेसुद्धा नाहीत. लुबचे १,३०५ मात्र ‘काम केलंय’ म्हणून द्यायला तयार नाही.

आता तुम्ही घेणार असाल तर. पहिलाच कीबोर्ड असेल आणि खेळ नेमबाजीचे असतील तर लिनिअर घ्या, बिचकू नका. चेरी रेडला दाब ४५ सेंटिन्यूटन लागतो, हलका आहे. बोट नुसतं टेकलं तरी बटण लागतं असं वाटत असेल तर किंचित जड असलेला गेटरॉनचा पिवळा बघा. भावाने शेवटी दुसरीकडून तेच घेतले आणि तो खूश आहे. चंदेरी ‘स्पीड’ स्विच १.२ मिलिमीटरवरच लागतात. नवख्या हाताकडून त्यात नको ती बटणं दाबली जातात, म्हणून ते पहिल्या खेपेला नकोत. टायपिंगही बरंच असेल तर तपकिरी चालेल. चेरीच पाहिजे असा हट्टही धरू नका, फक्त जे नाव सांगितलं त्याच नावाचा स्विच मिळतोय हे बघा.

त्यासाठी दुकानात पुलर स्वतःच्या हातात घ्या आणि तुम्हाला वाटेल ती कीकॅप काढा. पी, एम, बाण, एफ-९, उजवीकडचा शिफ्ट, अशा ज्या बटणांकडे कुणी बघत नाही तिथून सुरुवात करा. दुकानदार ‘कीकॅप तुटतील’ म्हणाला तर बाहेर पडा, पुलरने नीट काढलेल्या कीकॅप तुटत नाहीत. हॉट-स्वॅप असेल तर दुकानातच सगळ्या कीकॅप काढलेल्या अवस्थेत व्हिडिओ घ्या, त्यात दुकानदाराचा आवाज येऊ द्या. वेगळे स्विच घेत असाल तर कंपनीचं सीलबंद पाकीट मागा आणि आपल्यासमोर बसवून घ्या. बिलावर कंपनीचं नाव, स्विचचा प्रकार आणि नगांची संख्या तिन्ही लिहून घ्या. जीएसटीचे पैसे वाचवून द्यायचं आमिष दाखवणाऱ्याला बिलच नको असतं.

ज्यांनी असा ‘बसवून दिलेला’ कीबोर्ड आधीच घेतलाय, त्यांनी आज सगळ्या कीकॅप काढून बघावं. घोळ सापडला तर स्विच जागचे हलवायच्या आधी फोटो काढा. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. आमची १,३०५ रुपयांची तक्रार आम्ही सांगलीला दाखल करतोय, आणि उघडलेले कोरडे स्विच त्यासाठी पाकिटात बंद करून ठेवलेत.