रॉयटेरी की फर्मेंटम? आईच्या दुधातले दोन उमेदवार

बाळाच्या प्रतिकारशक्तीसाठी कोणता प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणू, निवडावा? रॉयटेरी आणि फर्मेंटम हे असे दोन जिवाणू. दोघांचं माहेर एकच, आईचं दूध. रॉयटेरी १९९० मध्ये पेरूतल्या एका आईच्या दुधातून वेगळा केला गेला. फर्मेंटमचा सीईसीटी ५७१६ हा वाण (एकाच जिवाणूचा विशिष्ट उपप्रकार) स्पेनमधला.

रॉयटेरीची गंमत अशी, की मूळ वाणाकडे टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिन या प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं होती. ती होती प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर. बाळाच्या आतड्यात असं बिऱ्हाड कोण वसवेल? मग ती दोन्ही प्लास्मिडं काढून डीएसएम १७९३८ हा वाण तयार झाला. निवड म्हणजे नुसतं शोधणं नव्हे, हे असं निवडून-पाखडून घेणं. पण त्याचं नाव झालं ते मुख्यतः स्तनपान घेणाऱ्या बाळांच्या पोटशुळासाठी.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत मला फर्मेंटम उजवा वाटतो. स्पेनमध्ये सहा महिन्यांच्या बाळांना तो सहा महिने वरच्या दुधातून दिला. पोटाचे संसर्ग ४६ टक्के आणि श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे २७ टक्के कमी झाले. (हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.) स्तनदाहाच्या त्रासातल्या आयांवरही त्याची चाचणी झाली आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.